औषध १९९६ चं, जे.जे.त पोचलं २००४ ला

२४ सप्टेंबर २०२५ ला एक बातमी आली आणि फारशी चर्चा न होता विरून गेली. हैदराबादच्या दोन कंपन्या, डॉ. रेड्डीज आणि हेटेरो, एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून घ्यायचं एक इंजेक्शन २०२७ पासून गरीब देशांना वर्षाला ४० डॉलरला देणार. म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये. वर्षातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. औषधाचं नाव लेनाकापाविर. हेच इंजेक्शन मूळ मालक कंपनी गिलियड अमेरिकेत विकते वर्षाला २८,२१८ डॉलरला. जवळजवळ २५ लाख रुपये.

औषध तेच. फरक सातशे पट.

बातमी वाचून अनेकांनी 'भारतीय कंपन्यांनी करून दाखवलं' म्हणून टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यात. पण हा सातशे पटींचा फरक आकाशातून पडलेला नाही. त्याच्यामागे चाळीस वर्षांची हाणामारी आहे, आणि त्यातला मधला मोठा तुकडा आपल्या मुंबईत घडलेला आहे. तो नीट माहीत नसेल तर आज दिल्लीत पेटंटच्या नियमांमध्ये जे चाललंय ते समजणार नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात सगळ्यांना थोडीफार माहीत असते. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा काढला. रोग कशाने होतो ते कळलं. उपाय मात्र काहीच नाही.

पहिला उपाय जिथून आला ती गोष्ट मला फार आवडते. १९६४ साली डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ नावाचा रसायनशास्त्रज्ञ कॅन्सरवर औषध शोधत होता. त्याची कल्पना अशी: पेशी स्वतःची नक्कल करते तेव्हा ती जणू मणी ओवत माळ करत असते. त्या मण्यांत एक खोटा मणी सरकवायचा, दिसायला खऱ्यासारखा, पण पुढचा मणी अडकवायला त्याला भोकच नाही. माळ तिथेच थांबेल, कॅन्सरची पेशी वाढणार नाही. त्याने असा मणी बनवला. उंदरांवर वापरला. कॅन्सर ढिम्म. हॉर्विट्झने ते फडताळात टाकून दिलं, पेटंटसुद्धा घेतलं नाही. पुढे तो म्हणायचा की आमच्याकडे चांगली रसायनं होती, ती फक्त योग्य रोगाची वाट बघत होती.

वीस वर्षांनी तो रोग आला. अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेत सॅम्युअल ब्रोडर आणि हिरोआकी मित्सुया यांनी बरोज वेलकम या कंपनीकडून आलेली रसायनं एचआयव्हीवर तपासली. कारण हा विषाणूही माळच ओवतो, आणि आपल्या पेशींपेक्षा जास्त गबाळेपणाने ओवतो, खोटा मणी पटकन उचलतो. हॉर्विट्झचं टाकून दिलेलं रसायन बरोबर बसलं. त्याचं नाव एझेडटी, म्हणजे झिडोव्ह्युडिन. १९८६ मध्ये २८२ रुग्णांवर चाचणी झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १९ जण दगावले, एझेडटी घेणाऱ्यांपैकी एक. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांनाच औषध द्यायचं ठरलं. मार्च १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

आणि किंमत? वर्षाला सुमारे ८ ते १० हजार डॉलर. त्या काळातलं जगातल्या सगळ्यात महाग औषधांपैकी एक. रेणू बनवला एका संस्थेतल्या माणसाने, गुण दाखवला त्यात सरकारी प्रयोगशाळेचा मोठा वाटा, आणि वापराचं पेटंट कंपनीकडे. हॉर्विट्झला यातून छदाम मिळाला नाही.

किंमत कमी कशी झाली तेही ऐका. १४ सप्टेंबर १९८९ ला 'ॲक्ट अप' या रुग्णांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या संघटनेची सात माणसं न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात घुसली, वरच्या सज्ज्यात स्वतःला साखळदंडाने बांधून घेतलं आणि कंपनीच्या विरोधात फलक सोडला. काही दिवसांत किंमत २० टक्क्यांनी उतरली. एझेडटी स्वस्त करायला संशोधन लागलं नाही, साखळदंड लागला.

पण एकट्या एझेडटीने भागत नव्हतं. हा विषाणू शरीरात रोज अब्जावधी प्रती काढतो आणि प्रत्येक प्रतीत चुका करतो. त्यातली एखादी चूक नेमकी अशी निघते की तिला खोटा मणी ओळखता येतो. मग ती जात वाढते आणि औषध निकामी. वर दर चार तासांनी गोळी, रात्री गजर लावून, आणि अंगातलं रक्त कमी होणं वेगळंच. १९९३ पर्यंत स्पष्ट झालं की एकट्या एझेडटीचा फायदा टिकत नाही. मग १९९५-९६ मध्ये नव्या जातीची औषधं आली, सॅक्विनाविर, रिटोनाविर, इंडिनाविर, नेव्हिरापिन, आणि तीन औषधं एकदम द्यायची पद्धत निघाली. एक चूक करून एक कुलूप उघडेल, पण तीन कुलपं एकाच वेळी उघडणाऱ्या तीन चुका एकाच प्रतीत जुळून येणं जवळपास अशक्य. जुलै १९९६ च्या व्हँकुव्हर परिषदेत हे जगापुढे मांडलं गेलं. अमेरिकेत पुढच्या एका वर्षात एड्सचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मृत्युपत्र करून बसलेली माणसं पुन्हा नोकरी शोधायला लागली.

म्हणजे १९९६ ला औषध सापडलं होतं. हे साल लक्षात ठेवा. वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर.

आता आपल्याकडे या. भारतात एचआयव्ही आहे हे पहिल्यांदा दाखवलं ते १९८६ मध्ये मद्रासला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चामड्याच्या व्यापारातल्या मराठी घरातल्या, वाढल्या मद्रासमध्येच. तेव्हा आपल्याकडे सर्रास म्हणायचे की हा परदेशी रोग, आपल्या संस्कृतीत होणार नाही. बाईंनी शरीरविक्रय करणाऱ्या शंभर स्त्रियांचे नमुने तपासले, सहा निघाले. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि २०१५ पर्यंत, जाईपर्यंत, हेच काम केलं. नव्वदच्या दशकात मुंबई, पुणे, सांगली, महामार्गांवरची गावं यांत काय झालं ते माझ्या वयाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. निदान होत होतं. निदानानंतर द्यायला मात्र फक्त समुपदेशन होतं आणि निरनिराळ्या संसर्गांवरची औषधं.

इथे दुसरा धागा जोडायला हवा, आणि तो रोगाचा नाही, कायद्याचा आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदा होता. औषधं परदेशी कंपन्यांच्या हातात. अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच नोंदवून ठेवलंय की औषधांच्या किमतीत भारत जगातल्या सगळ्यात महाग देशांपैकी एक. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगारांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला. १९७२ पासून लागू. त्यातली मेख अशी: औषध आणि अन्न यांच्यात वस्तूवर पेटंट नाही, फक्त कृतीवर. म्हणजे पुरणपोळीवर कुणाचा हक्क नाही, ती करण्याच्या एका ठरावीक कृतीवर आहे. तुम्ही दुसऱ्या कृतीने केलीत तर ती तुमची. आणि कृतीवरचा हक्कही जास्तीत जास्त सात वर्षं.

या एका कलमावर आपला औषध उद्योग उभा राहिला. त्यात मुंबईची सिप्ला. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेली. १९३९ मध्ये गांधीजी कारखाना बघून गेले होते. त्यांचा मुलगा युसुफ हमीद केंब्रिजमध्ये रसायनशास्त्रात पीएच.डी. करून परत आला आणि हळूहळू कंपनी त्याच्या हाती आली.

नव्वदच्या सुरुवातीला हैदराबादच्या सरकारी रसायन संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने एझेडटी बनवायची वेगळी कृती बसवली आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते बाजारात आणलं. दिवसाला दोन डॉलरच्या आसपास, परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त. खप? जवळपास शून्य. हमीद पुढे अनेकदा सांगायचे की सरकारकडे गेलो तर उत्तर मिळालं, आमच्याकडे पैसा आहे तो प्रतिबंधासाठी, उपचारासाठी नाही. औषधाची मुदत संपली आणि माल फेकून द्यावा लागला. म्हणजे नुसतं स्वस्त असून चालत नाही, कुणीतरी विकत घ्यावं लागतं. हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

सप्टेंबर २०००. ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनची बैठक, गरीब देशांतल्या एड्सवर. मंत्री, अधिकारी, मोठ्या कंपन्यांचे प्रमुख. हमीदांना बोलायला मोजून काही मिनिटं. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तीन औषधांचा वर्षाचा उपचार ८०० डॉलरला. ज्या सरकारला स्वतः बनवायचं असेल त्याला तंत्रज्ञान फुकट. आणि आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरापिन फुकट. सभागृहातून कुणी पुढे आलं नाही. एकाही सरकारने होकार दिला नाही.

चार महिन्यांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, आकडा आणखी खाली आला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलर, सरकारांना ६००. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. ७ फेब्रुवारीला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली आणि जगभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: जे मुंबईत ३५० ला होतं ते इतरत्र १० हजारांना का?

सिप्लाने नुसती किंमत पाडली नाही. तिने तीन औषधं एकाच गोळीत घातली. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन. सकाळी एक, संध्याकाळी एक. नाव ट्रायोम्यून. ही गोळी युरोप-अमेरिकेत कुणी का बनवली नाही? रसायनशास्त्र अवघड होतं म्हणून नाही. तिन्ही औषधांची मालकी तीन वेगळ्या कंपन्यांकडे होती: ब्रिस्टल मायर्स, ग्लॅक्सो आणि बोरिंगर. तिघी एका ताटात जेवायला तयार नव्हत्या. भारतात वस्तूवर पेटंटच नव्हतं, म्हणून इथे हे जमलं. लोकांना वाटतं आपण फक्त नक्कल स्वस्तात केली. नाही हो. तीन गोळ्यांची एक गोळी ही नवीच गोष्ट होती, आणि दुष्काळी खेड्यात, फ्रिज नसलेल्या दवाखान्यात तिचं मोल मूळ रेणूइतकंच होतं. आणि गंमत बघा: त्यातलं स्टॅव्ह्युडिनही पहिल्यांदा बनवलं होतं त्याच जेरोम हॉर्विट्झने, साठच्या दशकात.

तेव्हा काय काय बोललं गेलं! सिप्लाला चाचे म्हटलं गेलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिओस यांनी तर सांगितलं की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार. पाच वर्षांनी अमेरिकेच्याच वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद छापून आली: गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के, उत्तर अमेरिकेत ५५. घड्याळाचं काय ते तुम्हीच बघा.

हमीदांना देव्हाऱ्यात बसवायची मला गरज वाटत नाही. ते धंदेवाईक होते, आणि याच सिप्लाची भारत सरकारच्या औषध-दर नियंत्रणाशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली, जादा किंमत लावल्याच्या मागण्यांवरून. आफ्रिकेतल्या पुरवठ्यातून कंपनीचं नाव आणि बाजारही वाढला. पण २००१ साली जगात हा आकडा सगळ्यात आधी उघडपणे उच्चारला तो त्यांनीच, हेही तितकंच खरं.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी सरकारवर भरलेला खटला उभा राहिला. मंडेलांच्या काळात १९९७ मध्ये स्वस्त औषधं आणायला मोकळीक देणारा कायदा झाला होता, त्याच्याविरुद्ध. रस्त्यावर 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'ची माणसं. त्यांचा नेता झॅकी अखमत स्वतः एचआयव्हीग्रस्त, आणि सरकारी दवाखान्यात सामान्य माणसाला मिळत नाहीत तोवर मी ही औषधं घेणार नाही असा त्याचा हट्ट. १९ एप्रिल २००१ ला कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी मान्य केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नयेत. (पुढे त्याच देशाचे अध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत राहिले आणि त्या उशिरापायी तीन लाखांहून जास्त जीव गेले असा हार्वर्डच्या अभ्यासाचा अंदाज आहे. कंपनी हरली तरी स्वतःचं सरकार हरवू शकतं.)

२००३ मध्ये बुश यांनी मोठी मदत योजना जाहीर केली, तेव्हा भाषणात कारण सांगितलं की वर्षाचा खर्च १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आलाय. तो खाली कुणी आणला याचा उल्लेख नव्हता. असो.

आता दिव्याखालचा अंधार बघा. २००१ पासून मुंबईची गोळी आफ्रिकेत जायला लागली. तेव्हाच्या विनिमय दराने ३५० डॉलर म्हणजे वर्षाला सोळा हजार रुपये. कामाठीपुऱ्यातल्या बाईला, महामार्गावरच्या ड्रायव्हरच्या विधवेला हे सोळा हजार कुठून यावेत? सरकार देत नव्हतं. ३० नोव्हेंबर २००३ ला तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत उपचाराची घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत ते सुरू झालं. त्यातलं एक भायखळ्याचं जे.जे. सिप्लाचं मुख्यालय तेव्हा मुंबई सेंट्रलला. मध्ये अंतर किती, तर चालत जाण्याइतकं. व्हँकुव्हर ते जे.जे. आठ वर्षं. या आठ वर्षांत गेलेली माणसं औषध नव्हतं म्हणून गेली नाहीत.

आणि जी गोळी मिळाली तीही निर्दोष नव्हती, हे सांगायलाच हवं. स्टॅव्ह्युडिनने पायांत मुंग्या, आग. गालांची चरबी झडून गाल आत जायचे, आणि गावात चेहऱ्यावरूनच ओळखू यायचं कोण 'त्या' गोळ्या घेतंय. श्रीमंत देशांनी हे औषध बरंच आधी बाजूला सारलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करा असं सांगितलं २००९ मध्ये. त्याच्या जागी येणारं टेनोफोविर चांगलं होतं, पण नवं होतं. आणि नवं म्हटलं की पुन्हा पेटंट.

कारण मधल्या काळात कायदा बदलला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या वस्तूवरच पेटंट सुरू झालं. पुरणपोळीवरच हक्क, वीस वर्षं. १९७० चं दार बंद. पण संसदेत डाव्या पक्षांनी आणि बाहेर रुग्णसंघटनांनी रेटा लावल्यामुळे दोन खिडक्या उघड्या राहिल्या. एक, कलम ३(ड): जुन्याच रेणूला थोडं इकडेतिकडे करून नवं पेटंट मागता येणार नाही, गुण खरोखर वाढला असेल तरच. दोन, पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत घेता येईल. कुणालाही म्हणजे अक्षरशः कुणालाही, रुग्णालासुद्धा.

आणि रुग्णांनी घेतली. २००६ मध्ये मणिपूरच्या आणि देशभरातल्या एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनांनी ग्लॅक्सोच्या कॉम्बिव्हिर या दोन औषधांच्या गोळीवर हरकत घेतली. त्यात नवं काय, तर एझेडटी आणि लॅमिव्ह्युडिन एकत्र! ऑगस्टमध्ये कंपनीने अर्जच मागे घेतला. टेनोफोविरवर गिलियडच्या अर्जाला सिप्ला आणि रुग्णसंघटना दोघांनी विरोध केला, २००९ मध्ये अर्ज फेटाळला गेला. म्हणून भारतीय कारखान्यांत टेनोफोविर बनत राहिलं. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी एचआयव्हीची गोळी, टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची, २०२३ मध्ये वर्षाला ४५ डॉलरच्याही खाली आली. १० हजारांवरून ४५.

आता प्रतिबंधाकडे. लोकांना वाटतं उपचार वेगळा, प्रतिबंध वेगळा. १९९३ मध्ये सरकारनेही सिप्लाला तसंच सांगितलं होतं ना? ते दोन वेगळे नाहीत हे सिद्ध करण्यात पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली. जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतात तिची केंद्रं पुण्याला आणि चेन्नईला होती. २०११ मध्ये निकाल आला: लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला त्याच्याकडून लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. औषध घेणारा माणूस स्वतः जगतो आणि दुसऱ्याला वाचवतो. १९९३ च्या त्या उत्तरातला तर्कच कोसळला.

मग निरोगी माणसानेच आधी गोळी घ्यायची, ही कल्पना. २०१२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. रोज एक गोळी. पुरुषांत ती चालली, पण आफ्रिकेतल्या तरुण मुलींच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा फसली. गोळी वाईट नव्हती. मुलींना ती घरात ठेवता येत नव्हती. डबी सासूला सापडली, नवऱ्याला सापडली, की 'तुला रोग आहे' किंवा 'तू बाहेर जातेस', यातलं एक ठरलेलं. आपल्याकडे वेगळं काय होईल?

म्हणून लेनाकापाविरचं महत्त्व. विषाणूच्या पोटात त्याचं जनुकीय सामान असतं आणि त्याभोवती शंकूच्या आकाराचं प्रथिनांचं कवच. हे कवच योग्य वेळी उघडलं पाहिजे, योग्य वेळी बांधलं पाहिजे. यूटा विद्यापीठात वेस्ली संडक्विस्ट यांनी या कवचावर वर्षानुवर्षं मूलभूत काम केलं, आणि पुढे गिलियडच्या शास्त्रज्ञांनी कवचाच्या फटीत बसणारा रेणू घडवला. तो इतका सावकाश विरघळतो की एक डोस सहा महिने पुरतो. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या मुलींवर चाचणी झाली. लेनाकापाविर घेतलेल्या २,१३४ जणींत लागण किती? शून्य. रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींत १६. ही लस नव्हे, दर सहा महिन्यांनी घ्यावंच लागतं. पण डबी लपवायची गरज नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गिलियडने सहा कंपन्यांना १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवायचे परवाने दिले. सहांत एक पुण्याची एमक्युअर आहे. ही मेहेरबानी वाटते, पण तिच्यामागे वरचा सगळा इतिहास उभा आहे. मुंबईच्या संकल्प पुनर्वसन संस्थेने, जी व्यसनाधीन लोकांमध्ये काम करते, लेनाकापाविरच्या पेटंट अर्जांवर भारतात आधीच हरकती घेतलेल्या आहेत. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अँड्र्यू हिल यांच्या गटाने हिशोब मांडून दाखवला होता की मोठ्या प्रमाणावर बनवलं तर ४० डॉलर किंवा त्याहूनही कमी खर्च येईल. दार ढकलून उघडण्याआधी कंपनीने स्वतः अर्धं उघडलं, असं माझं मत आहे.

अर्धं का म्हणतो? दोन कारणं आहेत.

पहिलं आपल्याकडचं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पेटंटचे नियम बदलले. आता पेटंटआधीच्या हरकतीला शुल्क आहे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधीच ठरवू शकतो. कंपन्यांचं म्हणणं की लोक खोट्या हरकती घेऊन वर्षं वाया घालवतात. तशा घेणारेही आहेत, नाकारत नाही. पण त्यासाठी खिडकीच अरुंद करायची? कॉम्बिव्हिर आणि टेनोफोविर याच खिडकीतून आले. आणि खरेदीचं दुखणं वेगळंच. २०२२ च्या जुलैत डोल्युटेग्राविरचा तुटवडा झाला तेव्हा एचआयव्हीग्रस्त दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर महिनाभराहून जास्त बसून होते. कारखाने आपले, पेटंटची अडचण नाही, आणि तरी गोळी नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहे, तेव्हा सहा महिन्यांचं इंजेक्शन सरकारी यादीत कधी येणार हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हरकत नाही. २०२७ लांब नाही.

दुसरं कारण बाहेरचं. लेनाकापाविरची दुसरी मोठी चाचणी पुरुषांवर आणि तृतीयपंथी व्यक्तींवर झाली. तिथेही निकाल उत्तम: सुमारे २,१८० जणांत दोघांना लागण. ती चाचणी ज्या देशांत झाली त्यांत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू होते. तिथल्या माणसांनी दंड पुढे केले, रक्त दिलं, निकाल त्यांच्यावरून निघाला. १२० देशांच्या यादीत या चारांतला एकही नाही. उद्या पुण्याच्या कारखान्यात कुपी भरली गेली, तर या परवान्याखाली ती झांबियाला जाईल, युगांडाला जाईल. लिमाला पाठवता येणार नाही.